पितळेची पट्टी

पहिल्या दिवशी टेप घेऊन गेले तेव्हा
नऊ मीटर चाळीस बाय पाच मीटर दहा
एवढ्या जागेवरून भांडण चाललं होतं.
निवेस म्हणत होती, दुधाला वास धरायला वेळ लागत नाही.
लोरिस काहीच म्हणत नव्हता.
एक चाक फिरवून त्याचं डुगडुगणं बघत होता,
तापलेल्या पोराकडे बघावं तसा.

बाहेर फेर्राराचं धुकं,
पो नदीवरून येणारं, ओल्या घोंगडीच्या वजनाचं.
त्यात सायकलवाला आधी ऐकू येतो
आणि मग दिसतो.

मी काच सुचवली.
छतापासून फरशीपर्यंत, काळ्या चौकटीत.
अलीकडे कॉफी, पलीकडे ग्रीस,
बघावं पण लागू नये.
लोरिस म्हणाला, माशांची टाकी.
निवेस म्हणाली, मासे कोण, आम्ही की तू?
काच न बसवताच फुटली.

मग फरशीत पितळेची पट्टी घातली, दोन बोटं रुंद.
उजवीकडे पांढऱ्या टाइल्स, हा निवेसचा हट्ट.
डावीकडे उघडं सिमेंट,
तेल सांडलं तर त्यावर एखादं बेट उमटतं
आणि कुणी ओरडत नाही.
फळीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवून दिली,
म्हणजे पाना नसला तर त्याचं नसणं दिसावं.
कपांसाठी असलं काही केलं नाही.
कुठला कप कुठे, हे निवेसला पाठ असतं.

दिव्यांसाठी मात्र मी भांडले.
पिवळ्या उजेडात साखळीचा दोष सापडत नाही,
आणि पांढऱ्या उजेडात
कुणाचाच चेहरा कॉफीला बसवण्याजोगा राहत नाही.
छताला सोळा आकडे, त्यांना उलट्या सायकली.
निवेस म्हणाली, खाटकाचं दुकान.
तिचा बाप खाटीक होता,
तेव्हा ती स्तुतीही असेल.

पहिल्याच आठवड्यात
अकरा कपांवर लोरिसचे काळे अंगठे.
मला वाटलं, आता तेलही जाणार, तूपही जाणार,
आणि माझ्या हाती धुपाटणं, म्हणजे बिल.

नोव्हेंबरात शेवटचा हप्ता मागायला गेले
तेव्हा आर्जाबाई आल्या होत्या.
सोबत नवऱ्याची सायकल, दांड्यांच्या ब्रेकची.
म्हणाल्या, ब्रेक कर, टायर बदल, साखळी बदल,
पण पेडलचं ते कुईं कुईं
तेवढं राहू दे.
ग्वाल्तिएरो हल्ली दारावरून सरळ पुढे निघून जातो.
धुक्यात मला दिसत नाही.
कुईं आलं की खिडकीतून हाक मारते.

तीस वर्षांत लोरिसकडे
कुणी दोष जपून मागितला नव्हता.
आणि बेअरिंग तर सकाळीच बदलून झाली होती.
चाक मुकं, गुळगुळीत, अगदी त्याच्या मनासारखं.

त्यानं जुनी बेअरिंग कचऱ्याच्या डब्यातून काढली.
एक घातली. फिरवली.
नाही, बाई म्हणाल्या, हा कुणा दुसऱ्याचा.
पुन्हा घट्ट. पुन्हा सैल.
नीट ऐकू येईना
म्हणून त्यांनी खुर्ची ओढली,
टाइल्सवरून, पट्टीवरून, थेट सिमेंटवर,
करकरत.
निवेसनं कॉफी दळायचं यंत्र बंद केलं.
मग फ्रीजसुद्धा.
एक पोरगा चमचा ढवळत होता,
तिनं फक्त बघितलं, तो थांबला.
सगळं दुकान एका पेडलला कान देऊन बसलं.

जरा वर.
अजून. तो चढावर असतो ना, तसं.
हां.
हाच.

खुर्ची नंतर कुणी परत नेली नाही.
टाइल्सवर दोन ओरखडे आहेत, आणि पट्टीवर एक खाच.
पॉलिशवाला पाठवते म्हटलं,
निवेस म्हणाली, त्याचेही पैसे मलाच लावशील.
मी नकाशा सुधारला. एकास पन्नास.
नऊ मिलिमीटरचा एक चौकोन, रेषेवर बसलेला.

हप्ता अजून आलेला नाही.
लोरिसनं मात्र माझ्या सायकलला
न विचारता घंटा लावून दिली.
परतताना धुकं होतं,
मी ती वाजवली नाही.
कोण येतंय ते ऐकत गेले.